तीनशे अठरा नंबरची फाइल

यादी उघडली की सर्व्हर मान टाकत होता. इंजिनिअरने तिसऱ्यांदा तो बंद करून सुरू केला आणि तिसऱ्यांदा पडद्यावर तेच आलं: सर्व्हरमध्ये त्रुटी, नंतर प्रयत्न करा.

"कालपर्यंत बरा होता," समोरच्या टेबलावरून कुलूपबाई म्हणाल्या.

अनाथाश्रमाच्या दफ्तरखान्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. चार हजार मुलांच्या फायली त्यांनी गठ्ठ्यांतून काढल्या, स्कॅन केल्या आणि एकेकीचं वर्णन सॉफ्टवेअरमध्ये भरलं. पण बाहेरच्या माणसाला कागदाचा कोपरा दाखवतील तर शपथ. म्हणून तर हे नाव पडलं होतं. एक वेळ दगडाला पाझर फुटेल, असं लोक म्हणत.

इंजिनिअरला हे अनुभवाने माहीत होतं. त्या चार हजारांत एक फाइल त्याची होती. आठ महिन्यांचा असताना तो इथून एका घरी गेला. त्या घराने त्याचं इथलं नावही बदललं नाही आणि जीव लावला. तक्रारीला जागाच नव्हती. पण स्वतःला लेक झाली आणि आपल्याला जन्म देणारीचं निदान नाव तरी कळावं, असं त्याला फार वाटू लागलं. त्याने तीन अर्ज केले. तिन्हींना बाईंच्या सहीचं एकच उत्तर आलं: पंचाहत्तर वर्षं होईपर्यंत फाइल बंद. म्हणजे तो स्वतः काठी टेकायला लागल्यावर.

पुढे या सॉफ्टवेअरच्या देखभालीचं काम नेमकं त्याच्याच कंपनीकडे आलं. इंजिनिअरच्या पासवर्डला सगळ्या फायली खुल्या असतात. गुपचूप बघून घे, कोण विचारतंय, असं बायको म्हणाली. पण माणूस पडला नाकासमोर चालणारा. कामापुरतंच उघडीन, असं त्याने लिहून दिलं होतं आणि वर्षभर ते पाळलं होतं. बाई त्याला नुसतं इंजिनिअर म्हणत. ते अर्ज याचेच, हे त्यांच्या ध्यानातही नसावं, असं तो धरून चालला होता.

दुपारी दोष सापडला. प्रत्येक फाइल कुठल्या गठ्ठ्यातली, हे एका रकान्यात भरायचं असतं. तीनशे अठरा नंबरच्या फाइलपुढे गठ्ठा म्हणून तीनशे अठराच भरलं होतं. फाइल स्वतःच्याच पोटात. सर्व्हर बिचारा गठ्ठा शोधत घाण्याच्या बैलासारखा तिथल्या तिथे फिरत होता. शेजारी नोंद होती: बदल काल संध्याकाळी, बाईंच्या नावाने.

तीस वर्षांत बाईंची चूक कोणी पाहिली नव्हती, आणि पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. त्याला वाईट वाटलं. जाता जाता हा डाग कशाला, असं म्हणून त्याने रकाना दुरुस्त केला. यादी झरकन उघडली.

"मशीनचाच घोटाळा होता," तो म्हणाला. "तुमच्याकडून काही झालं नव्हतं."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "फाइल उघडून बघितलीत?"

"गरज नाही. यादी चालतेय की."

बाईंनी कपाटातून एक पिवळा पडलेला छापील फॉर्म काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. दुरुस्त केलेली फाइल इंजिनिअरने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासावी, असा नियम होता. हा नियम आजवर कोणी पाळल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

"कुणाच्या तरी घरातलं असतं त्यात, बाई. मला नको वाटतं."

"नियम म्हणजे नियम. आणि घाई करायची नाही," त्या उठत म्हणाल्या. "मी चहा पिऊन येते. अर्धा तास लागतो मला."

जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

तो मनातल्या मनात चरफडला. नियमावर बोट ठेवणारी ही बाई शेवटच्या दिवसापर्यंत बदलायची नाही. त्याने तीनशे अठरा उघडली. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं. दुसऱ्या ओळीत आईचं.