दुसरा नऊ

आधार कार्डावर जन्मसाल १९९४ होतं, आणि त्यातला दुसरा नऊ पहिल्यापेक्षा जरा जास्तच काळा होता. मिनलने कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. क्यूआर कोड घासून गेलेला, स्कॅन होईना. ओटीपी मागवावा तर मोबाईल नंबर जोडलेलाच नाही. आता घासलेलं कार्ड म्हणजे काही गुन्हा नव्हे. निम्म्या चाकणची कार्डं पँटच्या मागच्या खिशात बसून घासलेली असतात.

समोर सोनबा बसला होता. नाव सोनबा, आणि म्हणे जन्म चौऱ्याण्णवचा! अर्थात आजोबाचं नाव ठेवणारेही असतात. कानांजवळच्या केसांना कलप लावलेला, तोही कालपरवाचाच. भोसरीतली त्याची कंपनी बंद पडली तेव्हापासून तो काळेवाडीहून रोज निघायचा आणि रोज गेटवर तेच ऐकून परत जायचा, पस्तिशीच्या आतले पाहिजेत. घरी त्याची लेक दिव्या नर्सिंगला होती. हे काम मिळालं नाही तर तिचं कॉलेज सुटणार, हे बाप आणि लेक दोघांनाही ठाऊक होतं.

मिनल एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे कामगारांचे कागद तपासायची. तिला कडकपणाची हौस नव्हती. गेल्या वर्षी प्रेस मशीनवर एकाचा हात गेला. कार्ड खोटं निघालं, विम्याने अंग काढून घेतलं, आणि त्याची बायको कितीतरी दिवस या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायची. ती बाई मिनलच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"दहावी कधी झाली? लग्न कोणत्या साली?"

सोनबाने फटाफट सालं सांगितली. जरा जास्तच फटाफट. सगळी बेरीज-वजाबाकी घरून करून आला होता.

"मुलंबाळं?"

"एक पोरगी हाय. तिसरीत." एवढं बोलून त्याने मान खाली घातली. पोटच्या पोरीला दहा वर्षांनी लहान करून टाकलं होतं बिचाऱ्याने.

ऑफिसातून रिटायर झालेल्या अण्णासाहेबांनी मिनलला एक युक्ती शिकवली होती. कागदावर वय कळेनासं झालं की माणसाला त्याच्या गावचं काहीतरी विचारायचं. सांगलीकडचा असेल तर महापूर, औसा-किल्लारीकडचा असेल तर भूकंप. लोक सालं पाठ करून येतात. गावच्या गोष्टी पाठ करून कोण येणार?

मिनलने पेन खाली ठेवलं आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "गाव औसा तालुक्यातलं ना तुमचं? भूकंपात तिकडे फार पडझड झाली होती म्हणे."

"काय ऱ्हायलंच न्हवतं ताई. सगळं माळवद खाली आलं." सोनबा एकदम खुर्चीत पुढे सरकला. "रातच्याला गनपती बुडवून आलो, झोपलो, अन् पहाटं ते झालं. मी भायेर फेकल्या गेलो. धाकटी भन आत अडकली, गोजा. फटीतून तिचा हात तेवढा भायेर. मी तो धरून बसलो. मानसं उकरायला येईस्तोवर दिवस वर आला. हात गार पडला, तरी सोडला न्हाई मी."

मग तो टेबलावरच्या कार्डाकडे बघत राहिला.

भूकंप त्र्याण्णवचा. कार्डावरच्या माणसाचा तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता.

मिनलला हवं ते सापडलं होतं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. आपण काय विचारून बसलो, असं झालं. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मेहनतीचे, धडधाकट हात होते. प्रेसवर नको, पॅकिंगला घालू याला, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तिथे मशीन नाही, धोका नाही. एका आकड्यासाठी माणसाला परत किती वेळा पाठवायचं? केबिनच्या दाराशी कोणी नव्हतं. तरीही ती आवाज खाली आणून बोलली.

"भाऊ, हे तुम्ही घरच्यांच्या तोंडून ऐकलं असेल. तेव्हा तुम्ही नव्हतातच ना?"

सोनबाला कळलं. ताई आपल्याला वाट करून देतेय, हे न कळायला तो काही बावळट नव्हता. एक 'व्हय' म्हटलं की झालं. उद्यापासून पहिली शिफ्ट, दिव्याचं कॉलेज, गेटवरून परत फिरणं बंद. पण टेबलावरचा त्याचा उजवा हात गच्च मिटला होता, कोणाचं तरी बोट धरल्यासारखा.

मिनल मनातल्या मनात त्याला विनवत होती, म्हणा हो, एकदाच म्हणा.

सोनबाने कार्ड उचलून खिशात टाकलं आणि तो उठला.

"मी तवा न्हवतोच म्हनलो, ताई," तो म्हणाला, "तर गोजा एकटीच गेली असं हुईल."