आमेन कोण म्हणतंय

१९३७ साली रेडिओवर आमच्या वेल्श भाषेचा वेगळा कार्यक्रम सुरू झाला, आणि एका रविवारी आमच्याच चॅपलमधलं प्रवचन लागणार असं कळलं. अंथरुणाला खिळलेली माझी बहीण मार्गेड त्या दिवसासाठीच तग धरून होती. आमचे प्रवचनकार बोलता बोलता गाऊ लागतात, तो चढता सूर तिला आणखी एकदाच ऐकायचा होता. तिची खाट मी स्वयंपाकघरात रेडिओजवळ आणली.

रेडिओवाल्यांनी बजावलं होतं, मध्येच कुणी ‘आमेन’, म्हणजे ‘तथास्तु’, म्हणायचं नाही. इथेलकाकांना ते जमणार नव्हतं, म्हणून त्यांना आमच्याकडे धाडलेलं.

“चाळीस वर्षं माझ्या आमेनवर त्यांचा सूर चढतोय,” काका कुरकुरले. “आणि आता मी चहा पीत बसायचं.”

प्रवचन रंगलं. सूर चढणार, इतक्यात रेडिओतून अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, “आमेन.” सूर तुटला. पुन्हा चढू लागला, पुन्हा “आमेन.” चार वेळा असंच.

“काका, कोण हो हा मेला?” मी विचारलं.

“तिथे माझ्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही गं,” काका हळूच म्हणाले. “आणि मी तर इथे आहे.”

मार्गेडच्या डोळ्यांत पाणी आलं. सूर पाचव्यांदा तुटला, तेव्हा माझा धीर सुटला. मी रेडिओवर थाप मारली. “ऐकू द्यायचंच नसेल, तर ने तिला एकदाची.”

प्रवचन मध्येच थांबलं. मग तोच आवाज, या वेळी फार मायेनं, म्हणाला, “आमेन.”