काचकामाची जागा

दुसऱ्या उमेदवाराचीही नळी ताडकन फुटली. निवड समितीच्या साहेबांनी कपाळाला हात लावला.

“बाई, निदान यांना तरी पास करा. आज माणूस निवडला नाही, तर जागाच रद्द होईल!”

“होऊ दे,” बाई ज्योत बारीक करत म्हणाल्या. “गॅस तरी वाचेल.”

राग येणार नाही तर काय! चौदा वर्षं या प्रयोगशाळेची काचेची उपकरणं बाईच घडवत होत्या, तेही रोजंदारीवर. प्रत्येक कामाच्या टोकाशी त्या निळ्या काचेचा बारीक ठिपका ठेवत. फुटलं तर दुरुस्तीला आपल्याकडेच यावं म्हणून. शेवटी एकदाची कायमची जागा निघाली, तर जाहिरातीत काचकामाची पदविका हवी. तो अभ्यासक्रम सरकारने कधीच बंद केलेला. का? तर शिकून नोकऱ्या मिळत नाहीत म्हणून! मग इंजिनिअरही चालतील असं ठरलं. बाई दहावी पास. त्यांचा अर्ज आल्या पावली परत गेला. आता या इंजिनिअरांची परीक्षा घेणार कोण? अख्खं शहर पालथं घातलं, आणि पत्र आलं बाईंनाच.

“परीक्षक म्हणून तुम्ही पात्र आहात,” साहेबांनी समजावलं होतं, “उमेदवार म्हणून नाही.” हेच साहेब सकाळी सभेत, देशात कुशल तंत्रज्ञ मिळत नाहीत हो, म्हणून गळा काढून आले होते.

तिसरे उमेदवार टाय लावून आले. नळीला नळी जोडून दाखवायची होती. ते बराच वेळ पाठमोरे उभे राहून खुडबुड करत होते. मध्येच तयार उपकरणांच्या कपाटाचं दार करकरलं. मग त्यांनी नळी टेबलावर ठेवली. सांधा अगदी गुळगुळीत. बाईंनी ती उचलली. आत्ता ज्योतीतून निघालेली नळी चक्क गार होती.

बाईंनी ती उलटसुलट फिरवून पाहिली.

“हे काम पास,” त्या म्हणाल्या. “लिहा, हा सांधा करणाऱ्या व्यक्तीलाच ही जागा द्यावी. अगदी याच शब्दांत लिहा.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भराभर लिहिलं. समितीतल्या चौघांनी सह्या ठोकल्या. उमेदवारांनी हसत टाय सारखा केला.

“आता नाव टाका,” म्हणत बाईंनी नळीचं टोक साहेबांच्या चष्म्यासमोर धरलं. तिथे निळा ठिपका होता.