दोन ते सहा

बुद्धप्रियाच्या नीटच्या क्लाससाठी आम्ही आजी-नातीनं लातुरात खोली केली. तिचे आजोबा उदगीरला एकटेच राहिले. आमच्या दोघींत फोन एकच, तिचा. रोज दुपारी दोनला मी तो बंद करून ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवायची आणि सहाला बाहेर काढायची.

"आज्जी, घरून कुणाचा अर्जंट फोन आला तर?" ती एकदा चिडून म्हणाली.

"माझं लगीन झालं तवा देगलूरहून आईचं पत्र यायला आठ दिवस लागायचे. चार तासांत कुणाचं काय अडतंय गं?"

ह्यांनाही मी बजावून ठेवलं होतं. साधा ताप आला तरी मला विचारल्याशिवाय दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस. दिवसातून दहादा फोन करायचे. "दोन ते सहा करायचा न्हाई," म्हटल्यावर "हाव, हाव" म्हणाले.

त्या रविवारी सहाला फोन चालू केला. मिस्ड कॉलचा एकही मेसेज आला नाही.

"बघ, अडलं का कुणाचं काही?" मी म्हणाले, तेवढ्यात ह्यांच्याच नंबरावरून फोन आला. बोलत होता शेजारचा मारोती, रडत रडत.

"काकू, काका गेले. तीनपासून छातीत दुखत होतं. दवाखान्यात चला म्हटलं, तर तिला विचारून जाऊ म्हणाले. मग तुम्हाला फोन लावाया लागलो, तर माझा हातच धरला. म्हणाले, सहा वाजू दे. पोरीचा अभ्यास मोडतो."