टेकडीवरून थेट प्रक्षेपण

मुलगारा गावात फोनला रेंज नाही. गेल्या उन्हाळ्यात वणव्याचा इशारा वणवा विझल्यावर पोचला. म्हणून आज खासदारबाई कॅनबेराच्या संसदेत गाऱ्हाणं मांडणार होत्या, आणि ते बघायला डल्सी अख्ख्या गावाला घेऊन वीस किलोमीटरवरच्या टेकडीवर आली होती. रेंज तिथेच यायची.

बाई तावातावाने बोलल्या. "आता टॉवर आलाच समज!" डल्सी नवऱ्याला म्हणाली.

मंत्री हातातला कागद नाचवत उठले. "कसली गैरसोय? मुलगाराचे साठच्या साठ फोन या क्षणी चालू आहेत!"

"अरे मेल्यांनो, बंद करा ते फोन!" डल्सी किंचाळली.

साठही फोन पटापट बंद झाले.

पुढे टॉवर मंजूर झाला की नाही, हे मुलगारात अजून कोणालाच ठाऊक नाही.