दगडोबाचा जिल्हा

दगडोबा टँकरच्या चाकाम्होरं आडवा पडला. "घाल अंगावरून! पर लातूरचं पाणी आमच्या हिरीत पडायचं न्हाई."

ड्रायवर चंद्रप्पानं कपाळाला हात लावला. जळकोटापसून धूळ खात आला होता बिचारा. अजून दोन गावं त्याची वाट बघून राहिले होते.

गाव नांदेड जिल्ह्याच्या पार कडंला. लातूर नवा जिल्हा झाला न् गावाचे दोन तुकडे पडले. व्यंकटराव म्हनला, आपुन लातुरात जाऊ. लगेच दगडोबा म्हनला, मरू पर नांदेडातच. त्यात दोन वर्सं पाऊस न्हाई. आभाळ ऐकंना, हीर ऐकंना, रान ऐकंना. दगडोबाचं ऐकनारे वीस मानसं तेवढे ऱ्हायले होते. ते त्याच्या मागं काठ्या घेऊन हुभे. हा टँकर व्यंकटरावानं खटपट करून तिकडून आनलेला. त्याचे बी वीस जन म्होरं हुभेच.

दगडोबाची बायको केवळाबाई रिकामी घागर घेऊन आली. "अवो, उठा. सून बाळंतीन हाय. सात दिसाचं लेकरू. घरात घोटभर पाणी न्हाई."

"घरला जा तू!"

चंद्रप्पानं गाडी चालू केली. "म्या चाललो माघारी. चालू द्या तुमचं."

केवळाबाई तशीच व्यंकटरावाकडं गेली. पदर पसरला. हळूच म्हनली, "भावजी, एकडाव नांदेड म्हना."

"म्या? जीव गेला तरी न्हाई!"

"नुसतं तोंडानं म्हना. त्यास्नी म्या वळखते."

व्यंकटराव रिकाम्या घागरीकडं बघत ऱ्हायला. मंग दात खाऊन वरडला, "दगडोबा, जिकलास! आमी बी नांदेडातच!"

दगडोबा उठून बसला. कुनी खिशातलं काडून न्यावं, तसं तोंड झालं त्याचं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"असं व्हय? मंग आपलं लातूर! सोड रं चंद्रप्पा पाणी!"

पाणी धाडधाड हिरीत पडलं. मागचे वीसच्या वीस आरडले, "लातूर! लातूर!"

केवळाबाईनं पाणी शेंदलं, घागर भरली. जाता जाता व्यंकटरावाला म्हनली, "लई उपकार झाले, भावजी. आता म्हना खुशाल लातूर."

व्यंकटरावानं हिरीपल्याड बघितलं. दगडोबा मिशीवर हात फिरवून राहिला होता.

"त्यो तिकडं हाय तवर? न्हाई वैनी. आता मेलो तरी नांदेड."