ट्रेलरचे चाक सुरक्षितपणे बदलण्याची हकीकत

भर रस्त्यात बसलेले ट्रेलरचे चाक कोणाच्याही जिवाला अपाय न होता कसे बदलावे, आणि ते बदलताना एका कुटुंबात काय घडले, याचे यथातथ्य निवेदन येथे करण्यात येत आहे.

ट्रेलर एका अंगाला कलला होता. कपाट, शिलाई मशीन आणि दोन ट्रंका दोरीने आवळलेल्या असल्यामुळे जागच्या हलल्या नव्हत्या. थोरल्या भावाने पिकअप रस्त्याच्या सपाट, टणक कडेला घेतली, हातब्रेक ओढला आणि उतरून पाहिले. चाकात हवा म्हणून नव्हती.

स्टेपनी होती, जॅकही होता; परंतु पिकअपचा पाना ट्रेलरच्या नटांना बसेना. त्या नटांना बसेल असा पाना जवळपास एकाच माणसाकडे होता, आणि त्याच माणसाचे घर सोडून थोरल्याची धाकटी बहीण आज कायमची माहेरी निघाली होती. अंतर जेमतेम पाच किलोमीटर झाले होते.

भांडण मारझोडीचे नव्हते. तिचा नवरा टायरवाला. तो दिवसभर लोकांच्या चाकांत डोके घाली आणि घरी तोंडाला कुलूप लावून जेवे. सहा वर्षे धाकटीने दुकानात त्याच्या बरोबरीने पंक्चर काढली, परंतु दोन शब्दांना ती महाग झाली. सकाळी सामान चढवतानाही तो बोलला नाही. ट्रेलरच्या चाकांत हवा तेवढी भरून दिली. वाटेत धाकटीच दोनदा म्हणाली होती की, दादा, हळू चालव.

आता तिने बजावले की त्यांना मुळीच बोलावू नये. बोलावल्यास आपण तोंड फिरवून बसू. थोरल्याचा नाइलाज होता. त्याने फोन लावला, आणि थोड्याच वेळात टायरवाला स्कूटरवरून हजर झाला.

त्याने घाई केली नाही. प्रथम मागे पन्नास पावलांवर त्रिकोणी फलक उभा केला. ट्रेलर पिकअपपासून सोडावा काय, असे थोरल्याने विचारले, तेव्हा तो म्हणाला की जोडलेला ट्रेलर जागेवर राहतो, सुटलेला कुठेही जातो. मग त्याने पिशवीतून दोन लाकडी ठोकळे काढले आणि थोरल्याला ओलांडून धाकटीपुढे धरले.

"दुसऱ्या चाकाला लाव. एक पुढून, एक मागून. गाडीचा भरवसा नसतो."

"माणसाचा तरी कुठे असतो," धाकटी म्हणाली. मात्र तोंड फिरवायचे राहून गेले. तिने ठोकळे टाचेने ठोकून घट्ट बसवले.

चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट ढिले करावेत, हवेत उचलल्यावर जोर लावू नये. जॅकखाली फळी द्यावी, जॅक आसाखाली लावावा आणि ट्रेलरखाली कोणीही शिरू नये, हे सर्व त्याने तिला क्रमाने सांगितले. वस्तुतः तिला ते तोंडपाठ होते. तरीही ती प्रथमच ऐकत असल्यासारखी ऐकत राहिली. इतके शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडलेले थोरल्याने लग्नातही ऐकले नव्हते.

"एवढं घरात बोलला असता, तर ट्रेलर लागलाच नसता," धाकटी म्हणाली.

टायरवाला हातातला नट पुसत राहिला. "घरात काय बोलावं ते सुचत नाही. हातात काम असलं की शब्द येतात."

"मग घरातही काम आहे की. भांडी पडलेली असतात."

थोरल्याला हसू आले, पण त्याने ते दाबले. हे कौतुक चार दिवसांचे ठरले आणि पुन्हा कुलूप लागले, तर बहिणीचे काय, ही चिंता त्याला पोखरत होती.

स्टेपनी चढली. नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले गेले. जॅक उतरवून, चाकावर भार आल्यावर, ते पुन्हा आवळले गेले. थोरल्याने बसलेले चाक ट्रेलरमध्ये टाकण्यापूर्वी खिळ्यासाठी चाचपले. खिळा नव्हता. कापलेलेही कोठे नव्हते. त्याने व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढली. आतली पीन ढिली केलेली होती.

थोरला चमकला. पीन ढिली करून वर टोपी लावण्याची शिस्त रस्त्यावरच्या टवाळाला नसते. धूळ जाऊ नये म्हणून टोपी परत लावतो तो टायरच्या दुकानातला हात. आणि सकाळी हवा कोणी भरली होती, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

"जावईबापू, ही पीन तुम्ही ढिली केलीत?"

टायरवाल्याने पिनेवर अंगठा ठेवला.

"हो दादा. मीच केली."

थोरल्याने आवाज चढवला नाही. बायकोला अडवण्यासाठी जो माणूस तिच्याच जिवाशी खेळतो, त्याच्याकडे आपण बहीण पुन्हा पाठवणार नाही; पाना उचलावा आणि चालू लागावे, असे त्याने सांगितले. टायरवाला वाकून ठोकळे गोळा करू लागला.

धाकटीने पुढे होऊन ते ठोकळे त्याच्या हातातून काढून घेतले.

"दादा, ट्रेलर वळव," ती म्हणाली. "पीन मी ढिली केली होती."

हे कथन शेवटपर्यंत वाचल्याबद्दल वाचकांचे, आणि शुद्धलेखन तपासून दिल्याबद्दल सौभाग्यवतींचे, अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
टायरवाला